अवंतीनं पेरलं

कांचघर, जबलपूर
३ नोव्हेंबर २०२५

अवंतिका,

आशीर्वाद वगैरे आहेतच, ते धरून चाल. पत्र अशासाठी की फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मी भांडेन. डॉक्टरनं आत्ताच माझी बीपीची गोळी बदलली आहे. ती वाया घालवायची नाही.

कामाचं तेवढं लिहिते. बाबांच्या बरखेड्याच्या शेताला गिऱ्हाईक आलं आहे. विकत नाही, पाच वर्षांच्या करारानं घेणार आणि मटार लावणार. नर्मदेच्या पलीकडे तू आता गेलीस तर ओळखायची नाहीस. जिकडे पाहावं तिकडे मटार, धान, मूग. आठवतं का, दसऱ्यानंतर बाबा आपल्याला शेतावर न्यायचे तेव्हा पूल ओलांडला की गुळाचा वास सुरू व्हायचा? तू बसच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून तो वास खायचीस, आणि कंडक्टर ओरडायचा. आता गावात एकाही गुऱ्हाळातून धूर निघत नाही. आपली गुळाची काहील उलटी पडली आहे. तिच्या पाठीवर हल्केची बायको वड्या वाळत घालते.

उसाला तो लाल रोग लागला. कांडं चिरलं की आत लाल, आणि आंबूस वास. तोडायला माणसं मिळत नाहीत, उरलेलं रानडुकरं खातात, आणि कारखान्याची गाडी येईपर्यंत उभा ऊस वाळून जातो. हल्केभैया म्हणतो, "दीदी, गन्ना साल भर खेत घेर के बैठत है, मटर तीन महीना में घर आ जात है." बाबांच्या वेळेपासून आपलं शेत बटाईनं तोच करून राहिला आहे. त्याचं चुकतं कुठे?

करार झाला तर मार्चमध्ये ट्रॅक्टर घालून गुऱ्हाळाची झोपडी पाडतील आणि विहिरीजवळचा तुकडाही सपाट करतील. दोघींच्या सह्या लागतील. शिवरात्रीपर्यंत सांगायचं आहे. तू हो म्हण की नाही म्हण, मला काही फरक पडत नाही.

आणि विहिरीजवळ आता आहे तरी काय? होता तो बाबांचा पुंड्या ऊस. मनगटाएवढा जाड, पांढरट, दातानं सोलता येणारा. सगळ्या गावाचा ऊस लाल पडला तेव्हा तेवढाच धड राहिला होता. तो तू घालवलास. मी हल्केला विचारलं तर म्हणाला, "छोटी दीदी का फोन आया था. कही, पूरा पेर दो. सो हमने पेर दओ." त्यानं कोल्हू जुंपला, सगळा ऊस पिळून काढला, गूळ केला आणि दोन ढेपा माझ्या दारात आणून ठेवल्या. बेण्याला एक कांडं ठेवलं नाही. खोडक्यासुद्धा गावच्या रोगट उसाबरोबर उपटून जाळल्या.

तुझ्या योगेशच्या लग्नात, मांडवातच, मी तुला विचारलं. जागा चुकली हे कबूल. पण विचारलं काय? "हल्केला पुंड्या पेरायला तूच सांगितलंस?" आणि तू म्हणालीस, "हो, मीच. उभा वाळून जाण्यापेक्षा पेरलेला बरा. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगीन." नव्या सुनेसमोर, इतकी छाती काढून! मी न जेवता उठले. रसमलाई होती हे मला घरी आल्यावर कळलं.

काल तुळशीचं लग्न झालं. मांडवासाठी ऊस घ्यायला मी सदरच्या बाजारात गेले. आपण, आणि ऊस विकत! काठीसारखे पाच वाळके ऊस मिळाले. मी म्हटलं, भैया, हा कुठला? तो म्हणाला, "बाहर का माल है अम्मा, इधर अब कौन लगाता है." तुझे भाऊजी मांडव बांधता बांधता म्हणाले, तुळस बिचारी वाकून आत शिरेल. मला हसू आलं नाही.

हो की नाही ते कळव.

शरयू

•

कांचघर, जबलपूर
१२ जानेवारी २०२६

अवंतिका,

दोन महिन्यांनी तुझं उत्तर आलं. तेही पोस्टकार्ड! बँकेतून रिटायर झालेल्या बाईला पाकीट परवडत नाही का? पोस्टमननं आधी वाचलं असणार, मग तुझ्या भाऊजींनी वाचलं, आणि शेवटी माझ्या हाती दिलं.

"ताई, मी तर पेरायला सांगितलं होतं. ढेप कसली? मला काही समजून नाही राहिलं. करारावर मी सही करणार नाही. विहिरीजवळचा तुकडा राहू दे."

काय समजलं नाही? ऊस पेरल्यावर ढेप नाही होणार तर काय मोसंबी होईल? आणि "मी तर पेरायला सांगितलं होतं" हे पुन्हा, स्वतःच्या अक्षरात! उमरभर मी शाळेत पोरांना हिंदी शिकवली, अवंतिका. भोळा चेहरा करून उभं राहणारं पोर मला पाठमोरं ओळखू येतं.

तुकडा काहून राहू द्यायचा? कशासाठी? ज्याच्यासाठी राहू द्यायचा तो तर डब्यात बसला आहे. हल्केनं आणलेल्या दोन ढेपांपैकी एक मी वाटून टाकली. दुसरी दोन पावसाळे डब्यात होती. पाझरली, काळी पडली. फेकायला घेतली की हात मागे यायचा. तुझे भाऊजी म्हणतात, गूळ आहे का अस्थी आहेत? असलं बोलतात, आणि वर स्वतःच हसतात.

बाबा गेल्यावर शेतावर दर महिन्याला मी जात होते. तू नागपूरहून फोन करून सांगायचीस, "ताई, तिकडे ऊस संपला आता, मटार लावा." मी थकले म्हटलं की म्हणायचीस, सोडून दे. मी थकले म्हणत होते, सोडते म्हणत नव्हते. बहिणीला एवढाही फरक कळू नये?

चलो, जाऊ दे. मी करारावर सही केली आहे. कागद सोबत आहे. तुझ्या सहीची जागा पेन्सिलनं खूण करून ठेवली आहे. सही कर आणि शिवरात्रीच्या आत परत पाठव. हल्केला तरी चार पैसे धड मिळू दे. गुऱ्हाळ पाडतील तेव्हा मी जाणार नाही.

त्या ढेपेचा आज तिळगूळ केला. शेवटचा. तुझ्यापुरता डबीत घालून पाठवून राहिली. तिळगुळासोबत म्हणायचं वाक्य मी लिहिणार नाही. तिळगूळ तेवढा घे.

शरयू

•

कांचघर, जबलपूर
२६ जानेवारी २०२६

अवंती,

सही करू नकोस!

केली असशील तर कागद पोस्टात टाकू नकोस. टाकला असशील तर मला लगेच कळव, मी पोस्टात जाऊन बसते. सकाळपासून पाच वेळा फोन लावला. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस असं तुझे भाऊजी म्हणून राहिले. योगेशकडून निरोप देता आला असता, पण ही गोष्ट मला पोराच्या तोंडून सांगायची नाही. आज सुट्टी आहे, उद्या पोस्ट उघडलं की पहिलं पाकीट माझं.

आता नीट बस. पाणी पी. वाच.

काल रथसप्तमी, म्हणजे हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. नर्मदा जयंतीही कालच, त्यामुळे अर्धी गल्ली ग्वारीघाटावर गेलेली. माझ्याकडे दोघीच आल्या. समोरच्या तिवारीभाभी, आणि मागच्या गल्लीतल्या बेबीताई मेश्राम. बेबीताई तुला आठवत असतील, फॅक्टरीत होत्या, सायकलनं जायच्या. त्या काही हळदीकुंकवाला येत नाहीत, बुद्धविहारात जाणारं घर त्यांचं. त्या तिळगुळाला येतात, आणि दर वर्षी रिकाम्या हातानं येत नाहीत. काल ताटलीत उसाच्या गंडेऱ्या घेऊन आल्या.

मी म्हटलं, हा बाजारचा ऊस माझ्या दातांना झेपत नाही. त्या म्हणाल्या, "खाऊन तर पाहा ताई, लोण्यासारखा हाय."

तोंडात घातली आणि माझे दातच थांबले. साल एका ओढीत निघाली. तो रस... अवंती, तो रस मला कोणी डोळे बांधून दिला तरी ओळखीन मी. जिभेच्या मागे किंचित खारट लागतं ना, आपल्या विहिरीच्या पाण्याचं? ते नव्हतं. बाकी तोच. मी बेबीताईंचा हातच धरला. म्हटलं, हा कुठून आणला?

"कुठून म्हंजे? तुमीच देल्ला होता ना वो! दोन-तीन साल झाले, तुळशीच्या लग्नाचे ऊस तुमी पोरायले खायाले देल्ले. वरचे शेंडे गोड नव्हते, तर म्या ते मागं मोरीपाशी पेरून देल्ले. आता पाहा, भिंतीच्या वर गेले."

तेवढ्यात तिवारीभाभी म्हणतात, "पेर दिए? अरे, पेर दिए तो फिर उगे कहाँ से?"

बेबीताई म्हणाल्या, "पेरले म्हनूनच तं उगले!"

"पेरने से तो रस निकलता है, बेबी."

"तुमच्याइकडं निगत असंन!"

त्या दोघी माझ्या सोफ्यावर बसून भांडून राहिल्या आणि मी हळदीची वाटी हातात घेऊन उभीच. डोक्यात असा काही उजेड पडला की मला चक्कर आली. तुझ्या भाऊजींनी धावत खुर्ची आणली.

अगं माझे आई! तू लावायला सांगितलं होतंस!

हल्केच्या हिंदीत ऊस पेरणं म्हणजे कोल्हूत घालणं. इथे सगळ्यांच्याच. माझ्याही, कारण मराठीत आपण ऊस पेरत नाही, लावतो. ज्वारी पेरतात, हरभरा पेरतात. त्यामुळे उसापुढे 'पेर' आलं की माझ्या कानाला एकच अर्थ ऐकू येतो, रस. पण तू शेतात उतरलीस कधी? बेबीताईंची उमर फॅक्टरीत गेली, तुझी बँकेत. तुम्ही दोघी ऊस पेरणारच! तू आपल्या घरच्या मराठीला हिंदीचं शेपूट लावलंस, "पूरा पेर दो," आणि हल्केनं इमानदारीनं पूर्ण पेरून दिला. मांडवात मी विचारलं एक आणि तू उत्तर दिलंस दुसऱ्याचं. आणि पोस्टकार्डावर तू इतकं स्वच्छ लिहिलंस की ढेप कसली, तर मी त्याच्यावर मोसंबीची अक्कल पाजळली.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? मला हे कळायला हवं होतं. बाकी कोणाला नाही तरी मला. तू पाच वर्षांची असताना माझ्या कंपासमधला नवा शार्पनर विहिरीजवळ पेरला होतास, दुसरा उगवावा म्हणून. बाबा तुला रोज त्याला पाणी घालू द्यायचे. मग माझी लाल रिबन पेरलीस, मग आईची सुपारी. घरात काही सापडेना की आई आधी विचारायची, अवंतीनं पेरलं का? गुलाबाची फांदी लावतात, तू पेरायचीस. आंब्याची कोय पुरतात, तू पेरायचीस. साऱ्या जन्मात तुला दुसरा शब्दच आला नाही, आणि मी धरून बसले की त्या दिवशी तू शुद्ध हिंदी बोललीस.

हिंदीची मास्तरीण मी! पोरांना कळलं तर वर्गाबाहेर उभं करतील.

माफी पत्रात मागणार नाही. तू ये, तोंडावर मागते. पण आधी ती सही.

तुझी
ताई

•

कांचघर, जबलपूर
१२ फेब्रुवारी २०२६

लाडके अवंती,

तुझा फोन आला तेव्हा तू रडत होतीस की हसत होतीस मला कळलंच नाही. तुला माझं कळलं का? तुझे भाऊजी बाहेरच्या खोलीतून विचारत होते, कोण गेलं?

कागदाचं तू सांगितलंस ते मी अजून रोज आठवून हसते. "ताई, तो कागद तर मी त्याच दिवशी कढीपत्त्याच्या कुंडीत पेरला." उगवला का गं? उगवला तर मला सांग, त्याला मटार लागतील.

आता सगळी खबर देते. फोनवर तू नाक ओढत होतीस, अर्धं ऐकलंच नसशील.

गेल्या आठवड्यात हल्केला बोलावून घेतलं. बेबीताईंच्या मोरीपाशी नेण्याआधी खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं. बिचारा कपाळाला हात लावून बसला. "बोने की कही थी? हाय दीदी, हमने तो छोटी दीदी के नाम से पूरा पेर दओ, एक गंडेरी खुद नईं चूसी." आणि डोळे पुसायला लागला. मी म्हटलं, भैया, तुझी चूक नाही, माझी नाही, छोटीची नाही. चहा घे. त्यानं चहा घेतला, पण मला वाटतं छोटीची आहे असं तो मनातून म्हणत असेल.

मग त्याला मोरीपाशी नेलं. ऊस सापडला, पण आत लाल असला तर? हल्केनं एक कांडं तोडलं, उभं चिरलं आणि नाकाशी नेलं. मी दुसरीकडे पाहत होते. बेबीताई म्हणाल्या, "ताई, पाहा तं." पांढरं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं. हल्केनं मला वास घ्यायला दिलं. काही वास नव्हता, ओल्या मातीचा होता तेवढा. मी तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसले. बेबीताईंनी पदरानं माझं तोंड पुसलं.

आता शेताचं. मी आणि हल्के बसून ठरवलं, तुला पसंत नसेल तर मोड. बाकी सगळ्या शेतात हल्के स्वतः मटार लावेल, करारवाला नको. त्याचं घर चालायला हवं, आणि पूर्वीचा ऊस आता परत येत नाही. गाव पुन्हा गुळाच्या वासानं भरेल असं मी तुला सांगणार नाही. पण विहिरीजवळचा तुकडा पुंड्याचा. यंदा दोन ओळी होतील, पुढच्या वर्षी त्याचं बेणं. कारखान्याला द्यायचाच नाही. बेबीताईंचं डोकं पाहा, त्या म्हणतात, ग्यारसला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, अख्खं जबलपूर ऊस विकत घेतं, संक्रांतीला गंडेऱ्या घेतं, तर मग हा जाड आणि गोड ऊस सदरमध्ये नेऊन विका ना. तिवारीभाभींनी येत्या ग्यारसचे पाच आत्ताच सांगून ठेवले. मी म्हटलं, भाभी, अजून जमिनीत गेला नाही. तर म्हणतात, "जल्दी पेरो!" आणि मग तिघींनी जे तोंड झाकलं!

गुऱ्हाळाची झोपडी पाडत नाही. छप्पर गेलं आहे, ते हल्के होळीनंतर शाकारून देईल. काहील सरळ केली. आतून गंजली आहे, पण भोक नाही. हल्केची बायको विचारत होती, वड्या आता कुठे वाळवू. मी म्हटलं, माझ्या छोट्या बहिणीच्या डोक्यावर वाळव.

शिवरात्रीला सकाळच्या बसनं निघते म्हणालीस ना? सिवनीला बस थांबली की काही खाऊन घे, तुझं पोट उपाशी राहिलं की डोकं दुखतं. मी आणि तुझे भाऊजी स्टँडवर येतो. दुसऱ्या दिवशी बरखेडा. रात्री घरात भांडायचं नाही, सगळं भांडण मी शेतावर जाण्याच्या वाटेसाठी राखून ठेवलं आहे. मांडवात राहिलेली रसमलाईही तुला खाऊ घालायची आहे. म्हणजे मलाच खायची आहे, तू सोबत बस.

एक काम कर. हल्केशी तू थेट काही बोलायचं नाही. "नमस्ते भैया" एवढं चालेल. बाकी मला सांग, मी सांगीन. त्यालाही बजावून ठेवलं आहे की छोटी दीदी काहीही म्हणाल्या तरी आधी बडी दीदीला विचारायचं.

ऊस तोडला आहे. दोन-दोन डोळ्यांची कांडी करून ओल्या गोणपाटात गुंडाळून न्हाणीघरात ठेवली आहेत. सकाळ-संध्याकाळ मी पाणी शिंपडते. तुझे भाऊजी अंघोळीला जाताना त्यांना नमस्कार करतात. हल्के म्हणत होता, दीदी, उद्याच लावून टाकू, डोळे फुगले आहेत. मी नाही म्हटलं. तू येईपर्यंत थांबतील ती.

विहिरीजवळ, तुझा शार्पनर आहे तिथूनच पहिली सरी धरायला सांगितली आहे. बाकीचा ऊस हल्के लावेल, मी लावीन, बेबीताई येते म्हणाल्या आहेत, त्याही लावतील. पहिलं कांडं मात्र आम्ही कोणी लावणार नाही. ते तू पेर.

तुझी वाट पाहणारी
ताई